२० मार्च आठवतो, १२ मार्च का आठवत नाही?

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या कोणत्याही वस्तीतल्या शाळकरी पोराला विचारा, उत्तर लगेच मिळते. महाड, चवदार तळे, बाबासाहेबांची ओंजळ. दरवर्षी त्या दिवशी आपण महाडला जातो, स्टेटस ठेवतो, चौकात अभिवादनाचे फलक लावतो. लावलेच पाहिजेत.

आता त्याच महिन्यातली, आठ दिवस आधीची तारीख विचारा. १२ मार्च १९२७. बी.ए., एम.ए. झालेले कार्यकर्तेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

त्या दिवशी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले होते. सदस्य होऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यांनी सभागृहापुढे आकडे ठेवले. प्राथमिक शाळेत पाऊल टाकणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खड्ड्यात जातात, हे सांगितले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हे दाखवून दिले. शिक्षण हे देवाणघेवाणीचे खाते नाही, तळच्या वर्गांसाठी ते जितके स्वस्त करता येईल तितके केले पाहिजे, अशी मागणी केली.

आणि आठ दिवसांनी हाच माणूस चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला.

या दोन घटना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या आहेत. एक आंदोलनाच्या, दुसरी ग्रंथांच्या. माझे म्हणणे असे आहे की त्या एकाच लढ्याच्या दोन बाजू आहेत. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली गोष्ट कुणाची, हा तो लढा. एक बाजू आपण उरापोटाशी धरली, दुसरी सोडून दिली. म्हणूनच आज आपल्या वाड्या-वस्त्यांवरची, नगरपालिकेची, जिल्हा परिषदेची शाळा आपल्या डोळ्यांदेखत मरते आहे आणि आपल्याला त्यात आंदोलनाचा विषय दिसत नाही.

तळे कुणाचे होते?

महाडचे तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असतील, असा तो ठराव. यादी नीट वाचा. पाणवठ्याच्या शेजारी शाळा आहे, दवाखाना आहे. बोले यांनी फक्त पाण्याचा प्रश्न मांडलेला नव्हता.

१९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव करून तळे खुले केले. कागदावर. १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड हे मानणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवा. म्हणजे तेव्हाच्या बहुजन नेत्यांना पक्के ठाऊक होते की स्थानिक संस्थेची मान पकडायची तर पैशाच्या दोरीने पकडावी लागते. २० मार्च १९२७ ला तो कागदावरचा हक्क प्रत्यक्षात बजावला गेला. त्यानंतर काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव रद्द केला. सनातनी कोर्टात गेले. दावा काय, तर तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी पुरातन आहे. हे प्रकरण १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाच्या निकालाने संपले. एक ओंजळ पाण्यामागे दहा वर्षांची कोर्टबाजी होती.

या सगळ्या लढ्यात तीन प्रश्न होते. पैसा कुणाचा? मालकी कुणाची? ठराव कोण करणार? आज आपल्या भागातल्या शाळेच्या फाटकाशी उभे राहा. तेच तीन प्रश्न तिथे उभे आहेत. फक्त आता कुणी ‘विटाळ’ म्हणत नाही, ‘पटसंख्या’ म्हणतात.

तीन कागद, पाच महिने

मी कोणाच्या हेतूबद्दल बोलत नाही. सरकारच्याच कागदांबद्दल बोलतो.

पहिला कागद १८ सप्टेंबर २०२३ चा, शाळा दत्तक योजनेचा शासन निर्णय. कंपनीने, संस्थेने, धनिकाने ठरावीक रक्कम द्यावी, शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यावी आणि हवे असेल तर शाळेच्या नावाला आपले नाव जोडावे.

दुसरा कागद तीन दिवसांनंतरचा, २१ सप्टेंबर २०२३ चा. शिक्षण आयुक्तांचे पत्र. कमी पटाच्या शाळांतील मुले एकत्र आणून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव पाठवा. सरकारची बाजू अशी की शाळा बंद करायच्या नाहीत, चांगल्या करायच्या आहेत. ठीक आहे. पण चार वस्त्यांच्या चार शाळांची एक शाळा झाली की तीन वस्त्यांमध्ये शाळा राहत नाही. याला बंद होणे म्हणत नसतील तर मराठीत दुसरा शब्द कोणता, तो शिक्षण खात्यानेच सांगावा.

तिसरा कागद ९ फेब्रुवारी २०२४ चा. शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला हे बंधन नाही. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला हा बदल रद्दच केला.

आता दुसरा आणि तिसरा कागद शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतो, वस्तीजवळची सरकारी शाळा छोटी आहे, ती दूरच्या शाळेत मिसळा. दुसरा म्हणतो, वस्तीजवळ सरकारी शाळा आहे ना, मग खाजगी शाळेचे दार कशाला हवे? जवळची शाळा मोडायची तेव्हा ती निरुपयोगी असते आणि खाजगी शाळेला सूट द्यायची तेव्हा तीच शाळा पुरेशी असते. दोन्ही दारे आपल्याच लेकरांच्या तोंडावर लावायची होती. एक न्यायालयाने उघडे ठेवले. दुसऱ्यासाठी कोण जाणार?

पटाचे गणित नीट करू

या वादात सगळ्यात जोरदार युक्तिवाद पटाचा असतो. वर्गात पाच मुले आणि शिक्षकाला एवढा पगार, हे कुणाच्या पैशावर? प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस मनुवादी नसतो. म्हणून उत्तर शिवीने द्यायचे नाही, आकड्याने द्यायचे.

२०२३ मध्ये जी आकडेवारी पुढे आली त्यानुसार राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यात १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. शिक्षकामागे सहा मुले, केवढी चैन! पण शाळेत इयत्ता किती? चार किंवा पाच. म्हणजे एक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता शिकवतो. त्यातच एकाला निवडणुकीचे काम, माहिती भरण्याचे काम, केंद्रावरची बैठक. उरला एक शिक्षक आणि पाच इयत्ता. ज्यांच्या मुलांच्या शाळेत प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक आहे, संगणकाला वेगळा, खेळाला वेगळा, ते या शाळेकडे बोट दाखवून उधळपट्टी म्हणतात.

आणि या साडेचौदा हजार शाळा कुठे आहेत? शहराच्या मध्यवस्तीत फार थोड्या. त्या वाड्यांवर आहेत, पाड्यांवर आहेत, तांड्यांवर आहेत, गावाबाहेरच्या आपल्या वस्त्यांवर आहेत. शाळा तीन किलोमीटर लांब गेली तर पाटलाच्या मुलाला मोटारसायकल आहे. शेतमजुराच्या सातवीतल्या मुलीला काय आहे? तिच्या आईला रस्त्याची भीती आहे, ओढ्याची भीती आहे आणि घरात धाकटे भावंड आहे. ती मुलगी शाळा सोडेल आणि कुठल्याही तक्त्यात ‘शाळा बंद झाल्यामुळे’ असा रकाना नसेल. ‘कौटुंबिक कारण’ लिहिले जाईल. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा ठरवली, ती याचसाठी. अंतर हा प्रवासाचा मुद्दा वाटतो, पण जातीच्या आणि लिंगाच्या उतरंडीत अंतर म्हणजे गाळणी आहे.

‘एका पोरासाठी एवढे कशाला’ हा युक्तिवाद नवाही नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने नकार दिला. कारण असे की एका मुलाला घेतले तर बाकीच्या बहुसंख्यांना शाळा निरुपयोगी होईल. हे प्रकरण बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढच्या निवेदनात मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. तेव्हाही तराजूच्या एका पारड्यात एक मूल होते आणि दुसऱ्या पारड्यात सोय. आजही तसेच आहे.

पट आपोआप पडत नाही. शिक्षकाची जागा रिकामी ठेवली की पट पडतो. छत गळते, वीज तोडलेली, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, मग पालक शेजारच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीकडे बघतात आणि पट पडतो. आधी पैसा आटवायचा, त्याने मुले गळू द्यायची आणि मग गळालेल्या मुलांचा दाखला देऊन उरलेला पैसाही काढायचा.

याचा उलटा पुरावाही आपल्यासमोर आहे. मुंबई महापालिकेने २०२० पासून सीबीएसईसारख्या मंडळांच्या शाळा सुरू केल्या. महापालिकेच्याच शाळा, त्याच वस्त्या, तेच पालक. प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा घ्या. काही वर्षांपूर्वी तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले उरली होती. २०२५ मध्ये त्या शाळेला जगातील उत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मधल्या काळात कुणी ‘पट कमी’ म्हणून तिला दुसऱ्या शाळेत मिसळले असते तर? लोक सरकारी शाळेला कंटाळलेले नाहीत. ते मोडक्या शाळेला कंटाळले आहेत.

‘आमच्या करातून’ म्हणणाऱ्यांना

वॉर्डातल्या बैठकीत, सोसायटीच्या ग्रुपवर, गावच्या पारावर एक वाक्य हमखास येते. ‘आमच्या करातून यांची मुले शिकतात.’ हे ‘आम्ही’ कोण आणि ‘हे’ कोण, ते न सांगताच सगळ्यांना कळते.

कर कोण भरतो? जकात गेली, वस्तू आणि सेवा कर आला, महापालिकांना त्याची भरपाई राज्याकडून मिळते. हा कर साबणावर आहे, चपलेवर आहे, मोबाइलच्या रिचार्जवर आहे. कचरा उचलणारी बाई साबण विकत घेते तेव्हा ती करदाती असते. झोपडपट्टीतला भाडेकरू भाड्यातून घरमालकाची घरपट्टी भरतो. मग तिच्या मुलाची शाळा उपकार कशी झाली? आणि उड्डाणपूल? ज्याच्यावर तिची पायी जायची सोयही नाही, तो पूल तिच्या करातून झाला, तेव्हा ‘आमच्या करातून यांच्या गाड्या धावतात’ असे तिने कधी म्हटले आहे का?

हा हिशेब मांडणारे पहिले आपण नव्हे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच मांडले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. निदान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. पुढे संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी सक्तीच्या मोफत शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. ते फक्त प्राथमिक शिक्षणापुरते ठेवावे अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला संविधान बंदी घालते, मग ते मूल १४ वर्षांपर्यंत शाळेत असले पाहिजे, असा त्यांचा सरळ तर्क होता. शाळा नसेल तर मूल कुठे जाते, हे त्यांना माहीत होते. वीटभट्टीवर जाते, ऊसतोडीला जाते, हॉटेलात कपबशा विसळायला जाते.

म्हणून दत्तक योजनेला माझा विरोध आहे. दाता चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. दान घेणाऱ्याला दात्याच्या पाटीखाली उभे राहावे लागते आणि दात्याचे मन बदलले की विचारणारे कोणी नसते. हक्क मागणारा ताठ उभा राहतो, कारण त्याच्या हातात कलम असते. बाबासाहेबांना महाडच्या एखाद्या दयाळू सावकाराकडे अस्पृश्यांसाठी वेगळी विहीर मागता आली असती. ते सार्वजनिक तळ्यावर गेले.

आपल्याच माणसांशी दोन शब्द

इथवर वाचून आपले लोक माना डोलावतील. आता जरा अवघड बोलतो.

वस्तीत काम करताना शाळेच्या प्रश्नावर बैठक घेतली की एक प्रसंग ठरलेला असतो. एका नगरपालिकेच्या गावात असेच झाले. शाळेचे दोन वर्ग दुसऱ्या इमारतीत हलवायचे होते. विहारात बैठक बसली. समाजातले निवृत्त अधिकारी बोलले, दोन शिक्षक बोलले, पक्षाचे तालुकाध्यक्ष बोलले. सगळ्यांनी सरकारी शाळा वाचवण्याची शपथच घेतली. मागे बसलेली, चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई उठली आणि म्हणाली, ‘दादा, तुम्ही सगळे लय चांगलं बोलले. तुमची लेकरं कुठल्या शाळेत हायेत?’

बैठक तिथेच संपली. प्रश्न संपला नाही.

आरक्षणाने, शिष्यवृत्तीने, वसतिगृहाने जो वर्ग वर आला त्याने आपली मुले खाजगी शाळेत घातली. हा त्याचा हक्क आहे, आणि जातीचे चटके खाल्लेल्या बापाने लेकराला सगळ्यात चांगले द्यायचे ठरवले तर त्याला गुन्हेगार ठरवण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट घडली ती पाहा. शाळेतून मुले गेली त्यांच्यामागे आवाजही गेला. अर्ज लिहिता येणारा, गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलापुढे न घाबरता उभा राहणारा, जीआर वाचणारा पालक त्या शाळेतून निघून गेला. उरले ते पालक ज्यांची एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही. मूल कुठे शिकवायचे ते तुम्ही ठरवा. पण तुमचा आवाज त्या शाळेचा देणेकरी आहे. ज्या शाळेच्या फळ्यावर तुम्ही अ-आ-ई गिरवली, तिच्या सभेला वर्षातून चार संध्याकाळी बसणे हे काही फार मोठे दान नाही.

दुसरी गोष्ट निधीची. आपल्या वस्त्यांच्या नावाने पैसा येतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास ही योजना आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे आहेत. जिल्हा परिषदेच्या उपकराच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीय कल्याणासाठी आहेत. हा पैसा दिसतो कुठे? सिमेंटच्या रस्त्यात, गटारात, कमानीत, समाजमंदिरात. रस्ता नको असे नाही. पण त्याच गल्लीत तीन वर्षांत दोनदा रस्ता होतो आणि अभ्यासिकेला ट्यूबलाइट मिळत नाही, तेव्हा निर्णय वस्तीच्या गरजेवर होत नसतो, ठेकेदाराच्या सोयीवर होत असतो. शाळेच्या पुस्तकांमध्ये टक्केवारी कमी सुटते, काँक्रीटमध्ये जास्त सुटते. आणि खेदाची गोष्ट ही की त्या ठेकेदाराच्या मागे पुढे फिरणाऱ्यांत कधीकधी निळा गमछाही असतो.

वरच्या पातळीवर तर उघड उघड चालते. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणीला पैसे मिळण्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही, त्यात आपल्याही बहिणी आहेत. पण सगळ्यांच्या योजनेसाठी सगळ्यांच्या तिजोरीतून पैसा द्या, वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या खात्यात हात कशाला? आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्येच अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीला कायद्याचे कुंपण घातले. बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात आपण अजून निवेदनेच देतो आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. तेवढा वाटा ठेवा, तो वळवू नका आणि त्या वर्षी खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षी त्याच कामासाठी द्या. एवढीच मागणी आहे.

ठराव कोण करणार?

महाडचा तिसरा प्रश्न हा होता. आजही तोच कळीचा आहे.

मुंबई महापालिकेत मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. २०२३, २०२४ आणि २०२५ चे अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, शिक्षणासाठी ३,९५५ कोटी. रुपयामागे साडेपाच पैसेही नाहीत. हे बरोबर की चूक, यावर सभागृहात वाद घालायला लोकांचा एकही माणूस नव्हता. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांची, नगरपालिकांची, जिल्हा परिषदांचीही हीच गत होती. आपण त्या काळात किती मोर्चे काढले? पुतळ्याची विटंबना झाली की आपण तासाभरात रस्त्यावर असतो, आणि असलेच पाहिजे. पण प्रतिनिधी नसताना कोट्यवधी रुपयांचे वाटप होणे ही संविधानाची विटंबना नव्हती का?

जागा आहेत. आपण तिथे बसत नाही. म्हणून चार कामे सांगतो. कुठल्याही पक्षाची परवानगी न घेता करता येतील अशी.

एक. शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असल्या पाहिजेत. बहुतेक ठिकाणी नावे मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठरतात आणि सह्या घरपोच घेतल्या जातात. पालकसभेला जा, निवड सभेतच करायला लावा. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा करायचा आहे आणि सरकारने किंवा स्थानिक संस्थेने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा आहे. म्हणजे तुमच्या शाळेचा अर्थसंकल्प लिहिण्याचा अधिकार त्या धुणीभांडी करणाऱ्या आईला कायद्याने दिलेला आहे. तिच्या शेजारी बसून तो लिहून काढणे हे आपले काम.

दोन. गावात ग्रामसभा. वर्षात किमान चार व्हायला हव्यात. १५ टक्के मागासवर्गीय निधी किती जमला, किती खर्च झाला, कशावर झाला, हा प्रश्न दर ग्रामसभेत इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी उत्तर ऐकून उठू नका. शहरात तीन लाखांवरच्या लोकसंख्येला संविधानाच्या कलम २४३-एस नुसार वॉर्ड समित्या आहेत, आणि क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. ती कागदावर झोपली आहे. १९२४ चा महाडचा ठरावही कागदावरच झोपला होता.

तीन. माहिती अधिकार. भावनिक निवेदनाआधी एक अर्ज टाका. मंजूर शिक्षक किती, कार्यरत किती, पद किती दिवसांपासून रिकामे, गेल्या तीन वर्षांत शाळेच्या दुरुस्तीवर किती खर्च. ही चार उत्तरे हातात घेऊन पत्रकार परिषद घ्या. नुसत्या घोषणांपेक्षा साहेब त्याला जास्त घाबरतात.

चार. अर्थसंकल्प वाचन. महापालिकांचे अर्थसंकल्प साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पुढे येतात. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत एक रविवार त्याला द्या. वाणिज्य शाखेची पोरे-पोरी आपल्याकडे आहेत, त्यांना पुढे करा. गेल्या वर्षी तरतूद किती आणि खर्च किती, एवढे दोन रकाने जरी वाचता आले तरी निम्मी पोल उघडते.

हे सगळे शाळेपुरते नाही. शाळा पडली की मागे दवाखाना आहे. ‘रुग्ण कमी येतात’ म्हणून डॉक्टर नाही, डॉक्टर नाही म्हणून रुग्ण कमी. मग वाचनालय, मग बस, मग सफाई कामगारांच्या कायम जागा. जे जे सार्वजनिक आहे ते ते आपले आहे, कारण खाजगी म्हणून आपल्या वाट्याला या देशाने फार काही ठेवलेले नाही. ज्यांच्याकडे जमीन आहे, दुकान आहे, ओळखी आहेत, त्यांना सरकारी शाळा मोडली तरी फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

१९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी मागितले होते की दलित वर्गांचे शिक्षण हा प्रांताच्या महसुलावरचा पहिला हक्क मानला जावा आणि शिक्षणाच्या एकूण अनुदानातला न्याय्य वाटा त्यासाठी राखून ठेवावा. पहिला हक्क. म्हणजे रस्ते, पूल, इमारती, पगार सगळे वजा जाऊन काही उरले तर शाळा, असे नव्हे. आधी शाळा, मग बाकीचे. जवळपास १०० वर्षांपूर्वीची ही मागणी आहे आणि तुमच्या नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात ती अजून मान्य झालेली नाही. खात्री करायची असेल तर तो मागवून घ्या आणि वाचा.

यंदा २० मार्चला महाडला जाल तेव्हा जरूर जा. पण त्याआधी १२ मार्चच्या संध्याकाळी आपल्या वस्तीतल्या विहारात पंचवीस माणसे जमवा. मधोमध नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प ठेवा. शाळेच्या आयांना पुढच्या रांगेत बसवा. आणि पहिल्या पानापासून सुरुवात करा.

जय भीम! जय संविधान!